दाढीची वडी : कारखान्याची की हातची?



या सदरात आपण एरवी ठेवी, वारसनोंद, विमा, कर्जाचे हप्ते अशा विषयांवर बोलतो. या महिन्याचा विषय वरवर पाहता किरकोळ आहे. परंतु उल्हासनगरातील एका दुकानदार वाचकांनी तो ज्या गांभीर्याने विचारला, त्यामुळे संपूर्ण लेख त्याला द्यावा असे वाटले. त्यांचा प्रश्न असा : ‘बदलापूरचे एक तरुण जोडपे घरच्या घरी दाढीचा साबण बनवते. नमुने घेऊन ते माझ्याकडे आले होते. भाव कंपनीच्या वडीच्या पाचपट आहे. मुलगा म्हणतो, ठेवू या, आजकाल लोकांना हातची वस्तू हवी असते. मला दोन शंका आहेत. एक, हा माल खपेल का? आणि दुसरी, हाताने बनवलेला म्हणजे तो आपल्या आचाराला धरून असेलच का?’

दुसरी शंका पहिलीहून महत्त्वाची आहे, म्हणून तिथूनच आरंभ करू.

साबण म्हणजे स्निग्ध पदार्थ आणि क्षार यांचा संयोग. अंगाच्या साबणाला कॉस्टिक सोडा वापरतात; दाढीच्या साबणात त्याच्या जोडीला, किंबहुना त्याहून अधिक, कॉस्टिक पोटॅश असते. पोटॅशमुळे साबण मऊ राहतो, पाण्यात लवकर विरघळतो आणि ब्रशवर सहज चढतो. स्निग्ध पदार्थांपैकी खोबरेल तेलाने फेस झटकन येतो, पण तो मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि लवकर विरतो. सायीसारखा दाट, गालावर टिकणारा फेस हवा असेल तर स्टिअरिक आम्ल भरपूर लागते. हे आम्ल प्राण्यांच्या चरबीत विपुल असते. त्यामुळे युरोपात पिढ्यान्‌पिढ्या साबणाचा मुख्य आधार चरबी हाच राहिला. साधारण ८० भाग चरबी आणि २० भाग खोबरेल हे तिकडच्या साबणाचे नेहमीचे प्रमाण. विलायती साबण आपल्याकडे आला तो याच घडणीचा.

हिंदुस्थानात या प्रश्नाची जाणीव स्वदेशीच्या काळात झाली. १८९७ मध्ये कुलुपांपासून उद्योगाला आरंभ करणाऱ्या अर्देशिर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास वनस्पती तेलापासून बनवलेला ‘चावी’ छापाचा साबण बाजारात आणला. चरबीविरहित देशी साबण ही त्या काळी केवळ व्यापारी नव्हे, तर भावनेचीही गोष्ट होती. पुढे रवींद्रनाथ टागोरांनी गोदरेजच्या साबणाची जाहिरातीतून शिफारस केली होती. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या टाटा ऑइल मिल्सने केरळच्या खोबऱ्याच्या आधारे हाच मार्ग धरला. म्हणजे चरबीवाचून साबण होऊ शकतो हे आपल्याकडे कोणा हस्तकारागिराने नव्हे, तर कारखानदारांनी घरोघर पोहोचवले. ही गोष्ट आजच्या चर्चेत सहसा कोणी सांगत नाही.

१९८३ साली वनस्पती तुपातील चरबीच्या भेसळीचे प्रकरण देशभर गाजले, ते आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. कित्येक घरांनी तेव्हा वनस्पती तूप कायमचे सोडले. त्यानंतर चरबीच्या आयातीवर निर्बंध आले आणि आज प्राणिज चरबीची आयात प्रतिबंधित आहे. परिणामी, भारतात मोठ्या प्रमाणावर बनणारे साबण मुख्यतः पाम तेल, पाम तेलापासून काढलेले स्टिअरिक आम्ल आणि खोबरेल यांवर चालतात. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आयात चरबीची बंद आहे, चरबीपासून बनलेल्या तयार साबणाची वाट त्याने आपोआप बंद होत नाही. आणि देशातल्या देशात कत्तलखान्यांतून निघणारी चरबी कुठे ना कुठे जातेच. म्हणून ‘भारतीय’ एवढा शब्द पुरेसा नाही. वेष्टन वाचलेच पाहिजे.

आता परदेशी मालाकडे पाहा. तुर्कस्तानची ‘आर्को’ ही दाढीच्या साबणाची कांडी कारखान्यातली आहे, स्वस्त आहे, जगभर खपते आणि तिच्या घटकांत चरबीचा साबण असतो. हे झाले कारखान्याचे. पण अमेरिकेत गेल्या काही वर्षांत हातांनी दाढीचे साबण बनवणारे जे अनेक छोटे उत्पादक पुढे आले, त्यांच्यापैकी कित्येक जण गाईच्या चरबीचा वापर करतात आणि ते लपवत नाहीत. उलट ‘पारंपरिक’ म्हणून अभिमानाने सांगतात. त्यांचा ग्राहक त्यासाठीच चढा भाव मोजतो. परदेशी असलेला मुलगा किंवा जावई दिवाळीला हौसेने असा सुंदर डबा आणतो आणि आपण तो नेमाने वापरतो, असे घडू शकते. हातची वस्तू म्हणजे सात्त्विक वस्तू, हे समीकरण इथे पुरते उलटते.

आपल्या या पट्ट्यालाच यंत्र आणि हात यांच्या स्पर्धेचा एक जुना धडा ठाऊक आहे. अंबरनाथला स्वीडिश भांडवलाच्या विमको कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना १९२० च्या दशकात उभा राहिला. गावाची एक पिढी त्यावर जगली आणि विमकोचे नाव अजूनही तिथल्या पत्त्यांत टिकून आहे. त्याच सुमारास, १९२३ मध्ये, तामिळनाडूतील शिवकाशीला हाताने आगपेट्या बनवण्याचा उद्योग सुरू झाला. सरकारने हातच्या आगपेट्यांना अबकारी करात सवलत दिली, कारण त्यातून अनेक हातांना काम मिळत होते. हेतू उत्तम होता. परंतु त्याच शिवकाशीच्या आगपेट्या आणि फटाक्यांच्या कामात लहान मुले राबत होती, आणि अखेर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९९६ मध्ये त्यावर निकाल झाला. तात्पर्य एवढेच की ‘हातची’ या शब्दाने वस्तू कशी बनली ते कळते. ती कशापासून आणि कोणाच्या कष्टांतून बनली ते कळत नाही. ते विचारावेच लागते.

आपल्या परंपरेत हे विचारणे नवे नाही. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि ज्याला संमती दिली ते, असा तिहेरी विचार आपण करतो. श्रावकासाठी वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांपैकी दंतवाणिज्यात केवळ हस्तिदंत येत नाही. केस, नखे, कातडी अशा प्राण्यांच्या अवयवांचा व्यापारही त्यातच मोजतात. साधु-साध्वी केशलोच करतात, त्यांचा साबण-वस्तऱ्याशी संबंध नाही. प्रश्न आपला, गृहस्थांचा आहे. आणि दुकानदाराच्या बाबतीत तो वापरणाऱ्यापेक्षा अधिक मोठा आहे, कारण तो ती वस्तू शेकडो घरांत पोहोचवतो.

म्हणून वेष्टनावर काय पाहावे ते नेमकेपणाने सांगतो. ‘सोडियम टॅलोएट’ किंवा ‘पोटॅशियम टॅलोएट’ असे लिहिले असेल तर तो चरबीचा साबण. ‘लार्ड’ म्हणजे डुकराची चरबी. ‘सोडियम पामेट’ पाम तेलाचा, ‘सोडियम कोकोएट’ खोबरेलाचा. ‘लॅनोलिन’ हा मेंढीच्या लोकरीवरचा स्निग्धांश. त्यासाठी मेंढी मारली जात नाही, तरी तो प्राणिज आहे. तो चालवावा की नाही, हे प्रत्येक घराने आपल्या नियमाप्रमाणे ठरवावे. मध, दूध आणि रेशीम हे हौशी साबणांत हटकून आढळणारे घटकही त्याच रांगेतले. सर्वांत अवघड दोन नावे म्हणजे ‘स्टिअरिक ॲसिड’ आणि ‘ग्लिसरीन’. ही दोन्ही वनस्पतीपासूनही मिळतात आणि चरबीपासूनही. नुसत्या नावावरून उगम कळत नाही. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतोच. साबणाच्या वेष्टनावर तो असेलच असे धरून चालू नये. असेल तर उत्तम, नसेल तर उत्पादकाला विचारावे.

इथे मात्र छोट्या उत्पादकाची बाजू वरचढ ठरते. मोठ्या कंपनीकडे विचारणा केली तर ठरीव मजकुराचे उत्तर येईल. बदलापूरच्या त्या जोडप्याला आपण समोर बसवून विचारू शकतो : स्टिअरिक आम्ल कोणाकडून घेता, त्याचे बिल दाखवा, पुरवठादाराचे वनस्पतिजन्य असल्याचे पत्र आहे का? प्रामाणिक उत्पादक या प्रश्नांनी रागावत नाही. त्याच्याजवळ हे कागद नसतील तर तो चार दिवसांत मिळवून आणतो. त्यांना एक सूचनाही करता येईल. कोकणातले कोकमतेल, ज्याला गोव्यात भिरंडेल म्हणतात आणि जे आपल्याकडे टाचांच्या भेगांना लावतात, त्यात निम्म्याहून अधिक भाग स्टिअरिक आम्लाचाच असतो. दाढीच्या साबणाला हवा असलेला घनपणा देणारा इतका चांगला, पूर्णतः वनस्पतिजन्य आणि आपल्याच मातीतला पदार्थ असताना परदेशी लोण्यांची नावे मिरवण्याचे कारण नाही.

साबणाबरोबर ब्रशचाही विचार व्हावा. आपण साबण पारखून घेतो आणि तो लावतो मात्र डुकराच्या किंवा बिज्जूच्या केसांच्या ब्रशने. ‘नॅचरल ब्रिसल’ असे लिहिलेले असेल तर तो प्राण्याचाच केस समजावा. आज कृत्रिम धाग्यांचे ब्रश उत्तम मिळतात. ते लवकर वाळतात, त्यांना वास येत नाही आणि ते साबणही कमी पितात. या बाबतीत आचार आणि सोय एकाच बाजूला आहेत.

आता गुणवत्तेकडे वळू. कारखान्याच्या वडीचा मोठा गुण म्हणजे सातत्य. जानेवारीतली आणि जुलैतली वडी सारखीच असते. हातच्या साबणात हे सातत्य उत्पादकाच्या वजनकाट्यावर आणि शिस्तीवर अवलंबून असते. उदाहरणार्थ, एक किलो खोबरेलाला सुमारे १८३ ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा लागतो, किंवा पोटॅश वापरल्यास सुमारे २५७ ग्रॅम. प्रत्येक तेलाचे प्रमाण वेगळे. त्यात क्षार जास्त झाला तर साबण त्वचा जाळतो; कमी पडला तर तो तेलकट राहून कालांतराने खवट होतो. त्यातच स्टिअरिक आम्ल ६९-७० अंश सेल्सिअसला वितळते आणि थंड होताच घट्ट होऊ लागते, म्हणून दाढीचा साबण बहुधा गरम पद्धतीनेच करावा लागतो. ही पाककृती नव्हे, रसायनक्रिया आहे. कॉस्टिक डोळ्यांत उडाले तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून हौसेखातर मुलांच्या हाती हा प्रयोग देऊ नये.

हातच्या साबणाचा गुण वेगळा. साबण बनताना त्यात ग्लिसरीन आपोआप तयार होते. मोठे कारखाने अंगाच्या साबणातून ते पुष्कळदा काढून घेऊन स्वतंत्रपणे विकतात. छोट्या उत्पादकाजवळ ती यंत्रणा नसते, म्हणून त्याच्या साबणात ते तसेच राहते आणि त्वचा कमी कोरडी पडते. शिवाय तो थोडे तेल जाणूनबुजून क्षाराशिवाय शिल्लक ठेवू शकतो. कोरड्या त्वचेच्या वयस्क मंडळींना हा फरक जाणवेल. सुगंधाबाबत मात्र सावध असावे. ‘नैसर्गिक अर्क’ म्हणजे निरुपद्रवी असे नाही. लवंग, दालचिनी यांची तेले सोललेल्या गालाला चांगलीच झोंबतात.

यात एक स्थानिक गोष्ट अशी की दोष पुष्कळदा साबणाचा नसून पाण्याचा असतो. आपल्या तिन्ही गावांना उल्हास नदीचे आणि बारवी धरणाचे पाणी मिळते. ते तुलनेने मृदू असते. पण ज्या इमारतींत बोअरचे पाणी मिसळतात, तिथे पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून फेसाऐवजी पांढरा साका धरतो. नवा साबण नापसंत करण्याआधी तो एकदा नळाच्या किंवा गाळलेल्या पिण्याच्या पाण्याने वापरून पाहावा. वाटीभर पाण्याचाच प्रश्न आहे.

आता हिशेब. एका दाढीला सुमारे १ ग्रॅम साबण लागतो असे धरू. समजा, कारखान्याची १०० ग्रॅमची वडी ८० रुपयांना पडली, तर एका दाढीचा खर्च ८० पैसे. हातची तेवढीच वडी ४०० रुपयांना पडली, तर ४ रुपये. दररोज दाढी करणाऱ्याला वर्षाला पहिल्या वडीचे २९२ आणि दुसरीचे १,४६० रुपये पडतील. फरक ११६८ रुपयांचा, म्हणजे महिन्याला शंभराच्या आत. हा खर्च परवडतो की नाही हा प्रश्न आपल्या वाचकांसाठी नाही. त्या शंभर रुपयांच्या मोबदल्यात काय मिळते हा आहे. घटकांची खात्री, कोरडी न पडणारी त्वचा आणि गावातल्या दोन हातांना काम मिळत असेल, तर ते वाईट मोल नव्हे. नुसता सुरेख डबा आणि इंग्रजी नाव मिळत असेल, तर ८० पैशांची वडीच शहाणपणाची.

करांचेही सांगतो. दाढीच्या क्रीमवर जीएसटी आरंभी २८ टक्के होता, नोव्हेंबर २०१७ मध्ये १८ झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. अंगाच्या साबणाच्या वड्याही आता ५ टक्क्यांत आहेत. त्यामुळे कंपनीचा माल स्वस्त झाला, आणि ज्याची उलाढाल ४० लाखांच्या आत असल्याने नोंदणीच नव्हती अशा छोट्या उत्पादकाचा कराच्या फरकातून मिळणारा लाभ घटला. यापुढे त्याला मालाच्या गुणावरच विकावे लागेल.

दुकानदार वाचकांनी माल ठेवण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी. साबण हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. ते विक्रीसाठी बनवायला २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत, घटक, वजन आणि किंमत हे सर्व वेष्टनावर असले पाहिजे. ‘घरगुती आहे, ओळखीचे आहेत’ हे कारण तपासणीच्या वेळी चालत नाही. माल दुकानात सापडतो तेव्हा दुकानदारही उत्तरदायी असतो. उल्हासनगरने हे एका पिढीभर सोसले आहे. १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीचे नगर झाले आणि रिकाम्या हाती आलेल्या सिंधी कुटुंबांनी अल्पावधीत उद्योगाचे जाळे विणले. पण ‘यूएसए’चा माल म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’चा, ही थट्टा काही जणांच्या बनावट लेबलांमुळे सगळ्या गावाला चिकटली. ज्यांनी स्वतःच्या नावाने चोख माल बनवला, त्यांनाही ती ऐकावी लागली. म्हणून आपल्या भागातल्या नव्या उत्पादकाने आपले खरे नाव आणि खरा पत्ता वेष्टनावर ठसठशीत छापणे ही प्रतिष्ठेची गोष्ट मानावी.

त्या जोडप्यासाठीही दोन शब्द. बँकेत असताना मी पाहिले की छोटे उत्पादन बहुधा मालाच्या दोषाने नव्हे, तर अडकलेल्या पैशाने बुडते. साबण बनवून काही आठवडे मुरू द्यायचा, मग दुकानात ठेवायचा, मग विकल्यावर पैसे. तोवर कच्च्या मालाचे बिल दारात उभे. यासाठी उद्यम नोंदणी करावी. २०१५ पासून चालू असलेल्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे शिशू आणि ५ लाखांपर्यंतचे किशोर कर्ज अशा कामासाठीच आहे. आधी शिशू घ्यावे, वेळेवर फेडावे, मग पुढची पायरी चढावी.

आणि इथे आपल्या बाजूच्या कर्तव्याची आठवण करून देणे मला आवश्यक वाटते. आपण व्यापारी कुटुंबे. उधारी हा आपला नित्याचा व्यवहार. पण नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि करार असला तरी ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. मुदतीत न दिलेली रक्कम आयकरात प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्च म्हणून धरता येते, अशीही तरतूद झाली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, कंपनीच्या वितरकाला आगाऊ रक्कम आणि बदलापूरच्या पोरांना तीन महिन्यांची उधारी, हा न्याय नव्हे. वेष्टनावर चरबीचे नाव शोधणारी आपली नजर आपल्या खतावणीवरही तितक्याच काटेकोरपणे फिरली पाहिजे. कोणाचे हक्काचे पैसे रोखून त्याचे घर अडचणीत आणणे हीही हिंसाच आहे. तिला लाल ठिपका नसतो एवढेच.

तेव्हा उल्हासनगरच्या आपल्या वाचकांना माझे उत्तर असे : परवाना आणि स्टिअरिक आम्लाच्या उगमाचे पत्र ही दोन कागदपत्रे पाहावीत. ती असतील तर आरंभी दोन डझन वड्या रोखीने घ्याव्यात, विक्रीस परत करण्याच्या बोलीवर नव्हे. त्यांतली एक स्वतः महिनाभर वापरावी आणि दोन नेहमीच्या ग्राहकांना देऊन त्यांचे मत घ्यावे. कंपनीची वडी फळीवरून काढू नये; ज्याला ८० पैशांत दाढी करायची आहे त्याचा तो हक्क आहे, आणि चरबीमुक्त साबणाची वाट तिनेच आपल्याला दाखवली. दोन महिन्यांनी खप पाहून पुढचे ठरवावे. कागदपत्रे नसतील तर जोडप्याला परत पाठवू नये; काय काय हवे ते एका चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि ते मिळवून या असे सांगावे. आपल्या आजोबांनीही पहिली गादी टाकली तेव्हा बाजारातल्या कोणीतरी त्यांना असेच समजावून सांगितले असेल.

पुढील अंकात, वाचकांच्या आग्रहावरून, संयुक्त खात्यातील ‘दोघांपैकी कोणीही’ आणि ‘हयात असेल तो’ या दोन शब्दप्रयोगांतील फरक पाहू.